मैदान, मंडळ आणि मालक

(वाशिम येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सोयाबीनची काढणी आटोपली की वाशिम जिल्ह्यातील गावोगावच्या मोकळ्या रानांत फक्कीच्या रेषा उमटू लागतात. चार बांबू, दोन दिवे, घसा बसलेला एक निवेदक आणि टेबलावर मांडलेल्या ढाली एवढ्या भांडवलावर ‘भव्य खुले कबड्डी सामने’ उभे राहतात. रिसोडचा संघ मानोऱ्याला जातो, कारंजाचा मंगरूळपीरला येतो. मुले एका मालवाहू गाडीत दाटीने बसून येतात, रात्री अडीचला शेवटचा सामना संपतो आणि पहाटे ती परत गावी जाऊन गोठ्यातल्या कामाला लागतात. या सामन्यांत कोण जिंकले याची बातमी क्वचितच छापून येते. मात्र फलकावर देणगीदारांची छायाचित्रे खेळाडूंपेक्षा मोठी असतात, हे कोणाच्याही नजरेतून सुटत नाही.

याच मुलांच्या अंगावर अलीकडे ‘यू मुंबा’ किंवा ‘पुणेरी पलटण’ असे शब्द छापलेले सदरे दिसतात. ‘आपला संघ हरला’ असे ती म्हणतात, तेव्हा त्यांच्या आवाजात खरेखुरे दुःख असते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने या ‘आपला’ शब्दापाशी थोडे थांबावयास हवे. ज्या संघाच्या व्यवस्थापनात, हिशेबात, निवडीत ज्याचा तिळमात्रही वाटा नाही, तो संघ त्याला आपला वाटतो आणि ज्या मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या त्याच्या बापाने फाडल्या, ते मंडळ त्याला क्षुद्र वाटू लागते. हा मनाचा पालट घडला कसा, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

कोणी विचारील, आणि विचारावे, की २०१८ साली ज्या जिल्ह्याचे नाव नीती आयोगाच्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबादच्या बरोबरीने आले, जेथे शेतकऱ्याला हमीभावासाठी बाजार समितीच्या दारात रात्र काढावी लागते, तेथे खेळाच्या मालकीची चर्चा ही चैन नव्हे काय? उत्तर असे की, तरुण मनुष्य ज्या ठिकाणी स्वखुशीने घाम गाळतो, त्या ठिकाणी त्याच्या श्रमाचे काय होते, हे पाहणे चैनीचे नाही. किंबहुना श्रम, वेतन आणि वरकड यांचा धडा ज्याला कारखान्याच्या उदाहरणाने समजत नाही, त्याला तो कबड्डीच्या उदाहरणाने चटकन समजतो. वाशिममध्ये कारखाने तरी कितीसे आहेत?

कबड्डीला महाराष्ट्रात फार पूर्वीपासून हुतुतू म्हणत. बंगालमध्ये हाडुडू, तामिळ मुलुखात चेडुगुडू. खेळ एकच, पण नियम गावागणिक निराळे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत साताऱ्यास आणि पुढे बडोद्यास त्याला लेखी नियम मिळाले, ते शिक्षक, व्यायामशाळांचे चालक आणि राष्ट्रीय वृत्तीची तरुण मंडळी यांच्या खटपटीने. येथून जवळच अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली होती. या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी परदेशी प्रेक्षकांपुढे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत कबड्डी होती. वऱ्हाडच्या मातीतील खेळ हिटलरच्या राजधानीत दाखविला जावा, हा इतिहासाचा विचित्र योग. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. ते पथक कोणा धनिकाच्या मालकीचे नव्हते. ते एका मंडळाचे होते, आणि मंडळ म्हणजे वर्गणी, देणगी, आणि पगार न घेता पहाटे आखाडा झाडणारी माणसे.

मुंबईत या खेळाला जो बहर आला तो गिरणगावात. लालबाग, परळ, प्रभादेवी, वरळी येथील चाळींमध्ये कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार दाटीवाटीने राहत होता. पाळी संपवून आलेल्या माणसाला क्रिकेटचे साहित्य परवडण्यासारखे नव्हते आणि जिमखान्यांची दारे त्याच्यासाठी उघडी नव्हती. कबड्डीला फक्त जागा आणि दम लागतो. चाळीच्या नाक्यावरील मंडळ हेच गणपती बसवी, तेच वाचनालय चालवी, संपात तेच धान्य वाटी आणि संघही तेच उतरवी. या मंडळांतून शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्या संघटकांनी खेळाला राज्याची आणि देशाची चौकट मिळवून दिली. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

यात शासनाचाही एक हात होता आणि तो विसरला जातो. मुंबई कामगार कल्याण निधी कायदा १९५३ साली झाला. या निधीत पैसा कोठून यावयाचा? कामगारांकडून वसूल केलेले दंड, त्यांना देणे असूनही दिले न गेलेले वेतन व बोनस, आणि काही वर्गणी व अनुदाने. म्हणजे पैसा बव्हंशी कामगाराच्याच घामाचा. मालकाच्या तिजोरीत कुजत पडलेली ही रक्कम सार्वजनिक हिताकडे वळविण्याची ती कल्पना होती. एका बड्या गिरणी कंपनीने तिच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, न दिलेल्या देण्यांसंबंधीची तरतूद १९५७ साली रद्द ठरली आणि विधिमंडळास कायदा पुन्हा सुधारावा लागला. कामगार कल्याण केंद्रांची मैदाने आणि कामगार कबड्डी स्पर्धा या निधीच्या आधारावर चालत आल्या. कामगाराच्या थकलेल्या पगारातून कामगाराचे मैदान! यापेक्षा सरळ हिशेब समाजवाद्यांनाही सुचला नसता.

त्याच्या जोडीला नोकरीची वाट होती. रेल्वे, बँका, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, पोलीस दल, महिंद्रसारख्या खाजगी कंपन्या चांगल्या खेळाडूला कामावर घेत आणि आपला संघ उतरवीत. चढाईपटूला चढाईचे पैसे मिळत नसत, पण महिन्याच्या महिन्याला पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि खेळ सुटल्यावरही टिकणारी खुर्ची मिळे. या व्यवस्थेत ‘हौशी’ हा शब्द थोडासा खोटा होता, हे कबूल केले पाहिजे. खेळाडू कारकून म्हणून हजेरीपटावर असे आणि मैदानावर दिसे. तरीही हा खोटेपणा माणसाला साठाव्या वर्षापर्यंत पोसणारा होता.

त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. मंडळे लोकांची होती म्हणून ती लोकशाहीवादी होतीच असे नव्हे. अनेक मंडळांत एकाच कुटुंबाची किंवा एकाच जातीची पकड होती. मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धा पन्नाशीच्या दशकातच सुरू झाल्या, तरी गावातील मंडळाच्या कार्यकारिणीत बाई दिसणे आजही दुर्मीळ आहे. देशाचा महासंघ तर सुमारे तीन दशके एकाच घराच्या हाती राहिला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली हा कारभार बेकायदा ठरवून तेथे प्रशासक नेमला. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ इराणकडून हरले. १९९० साली बीजिंगमध्ये कबड्डीचा समावेश झाल्यापासून पुरुषांचे सुवर्णपदक कधी निसटले नव्हते. आणि त्या विजयी इराणी महिलांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. घरच्यांनी जिची कदर केली नाही, तिची परक्यांनी केली. मालक नसणे म्हणजे लोकांची मालकी असणे नव्हे, हा या साऱ्यातील कडू बोध आहे आणि पुढे बेलग्रेडच्या संदर्भात तो पुन्हा भेटणार आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि गिरणगाव त्यातून सावरलेच नाही. गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, चाळीचे नाके गेले. १९९१ नंतर सार्वजनिक उद्योगांतील भरती आटत गेली आणि तिच्याबरोबर खेळाडूंची भरतीही. ज्या संस्थांच्या नोकऱ्यांवर कबड्डीपटूंच्या पिढ्या जगल्या, त्यांपैकी काही आज त्या रूपात उरल्याच नाहीत. एअर इंडिया २०२२ साली टाटा समूहाकडे गेली. राज्य शासनाने २००५ पासून नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण ठेवले खरे, पण बनावट प्रमाणपत्रांच्या बाजाराने त्यालाही कीड लावली.

ही पोकळी झाली म्हणूनच २०१४ घडले. २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या वातानुकूलित क्रीडागृहात, म्हणजे एकेकाळच्या गिरण्यांपासून हाकेच्या अंतरावर, प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला. यू मुंबाने जयपूरच्या संघाचा ४५–३१ असा पराभव केला. माती गेली, मॅट आली. चढाईला तीस सेकंदांचे घड्याळ लागले, दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण मिळवा अथवा बाद व्हा असा नियम आला. दूरचित्रवाणीवर पहिल्याच हंगामाला ४३ कोटींहून अधिक प्रेक्षक लाभल्याचे सांगण्यात आले. गावकुसाबाहेरचा म्हणून हिणविलेला खेळ घराघरांत शिरला. या गोष्टीचा आनंद न मानणे हा करंटेपणा ठरेल.

या संघांचा इतिहास म्हणजे थोडक्यात मालकांचा इतिहास. यू मुंबा रॉनी स्क्रूवाला यांच्या कंपनीचा. २०१५ साली त्याने बंगळुरूला ३६–३० असे हरवून विजेतेपद मिळविले, पुढच्याच वर्षी पाटण्याकडून तो अंतिम सामन्यात २८–३१ असा हरला. त्या यशाचा शिल्पकार कर्णधार अनुप कुमार हरियाणाचा. मुंबईच्या नावाच्या संघाचा कर्णधार हरियाणाचा असण्यात काही गैर नाही. गिरणगावही बाहेरून आलेल्यांनीच उभारले होते. पण गिरणी कामगार मुंबईत राहायला आला होता आणि लिलावातील खेळाडू हंगामापुरता येतो. पुणेरी पलटणला विजेतेपदासाठी १ मार्च २०२४ पर्यंत थांबावे लागले. त्या दिवशी अस्लम इनामदार या नगर जिल्ह्यातील तरुणाच्या नेतृत्वाखाली तिने हरियाणा स्टीलर्सवर २८–२५ अशी मात केली. हरियाणा स्टीलर्स जिंदाल समूहाचा, गुजरातचा संघ अदानींचा, उत्तर प्रदेशचा जीएमआरचा. राज्यांची नावे आणि उद्योगसमूहांची मालकी! संघराज्याची ही नवी व्याख्या घटनाकारांना अपेक्षित नव्हती.

आता आकड्यांकडे वळू. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली रेल्वेच्या राकेश कुमारवर लागली, १२ लाख ८० हजार रुपये. २०१८ साली मोनू गोयतला १ कोटी ५१ लाख मिळाले. कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई २०१९ मध्ये १ कोटी ४५ लाखांना गेला. २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाखांवर बोली गेली. नऊ वर्षांत वीसपट! भांडवलशाहीचा समर्थक येथे थांबतो आणि विजयी मुद्रेने पाहतो. अर्थशास्त्राने मात्र एका बोलीकडे न पाहता एकूण वाट्याकडे पाहावयाचे असते. २०२३ च्या लिलावात प्रत्येक संघाला खेळाडूंवर जास्तीत जास्त पाच कोटी रुपये खर्च करण्याची मुभा होती. बारा संघांचे मिळून साठ कोटी. आणि पाच हंगामांच्या प्रक्षेपण हक्कांची २०२१ मध्ये ठरलेली किंमत होती ९०८ कोटींहून अधिक, म्हणजे हंगामाला सुमारे १८१ कोटी. प्रायोजकांचे, तिकिटांचे, सदऱ्यांचे पैसे बाजूला ठेवले तरी केवळ प्रक्षेपणाच्या उत्पन्नाशी ताडून पाहता बारा संघांतील साऱ्या खेळाडूंचा वाटा एक-तृतीयांशाच्या आसपास भरतो.

या व्यवहारातील आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. लीग चालविणाऱ्या मशाल स्पोर्ट्स या कंपनीत स्टार इंडियाचा ७४ टक्के हिस्सा होता, आणि लीगचे प्रक्षेपण हक्क विकत घेणारी कंपनीही स्टार इंडियाच. विकणारा तोच, घेणाराही तोच. अशा स्थितीत किंमत खरी की खोटी हे कोणी ठरवावयाचे? संघमालकांनीच कुरकुर केली, तेव्हा हक्कांचा जाहीर लिलाव करावा लागला. खेळाडूंनी कुरकुर केल्याचे ऐकिवात नाही, कारण कुरकुर करण्यासाठी लागते ती संघटना त्यांच्यापाशी नाही.

खर्चाच्या या मर्यादेला समतेचे साधन म्हणतात. श्रीमंत मालकाने सगळे चांगले खेळाडू उचलू नयेत यासाठी ती आहे, असे सांगतात, आणि ते अंशतः खरे आहे. पण ही कल्पना ज्या अमेरिकेतील बास्केटबॉलमधून सर्वदूर पसरली, तिथला इतिहास कोणी सांगत नाही. तेथील व्यावसायिक बास्केटबॉलपटूंनी १९५४ साली संघटना स्थापली. मालकांनी तिला वर्षानुवर्षे दाद दिली नाही. १९६४ साली बोस्टनमध्ये निवडक खेळाडूंचा मोठा सामना दूरचित्रवाणीवर दाखविला जाणार होता. प्रेक्षक बसले, यंत्रे सज्ज झाली आणि खेळाडूंनी निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळेपर्यंत मैदानावर येण्यास नकार दिला. आश्वासन मिळाले, मग सामना झाला. १९८३ मध्ये मालकांना वेतनावर मर्यादा हवी होती. खेळाडूंच्या संघटनेने ती मान्य केली, परंतु उत्पन्नाच्या ५३ टक्के रक्कम वेतनावर खर्च झालीच पाहिजे या अटीवर. आजही तेथे खेळाडूंचा वाटा निम्म्याच्या आसपास आहे. म्हणजे भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यात मर्यादा आणि वाटा या दोन गोष्टी एकत्र आल्या, आणि आपल्याकडे मर्यादा तेवढी आयात झाली. वाटा बंदरावरच राहिला.

मग खाजगी मालकीला पर्याय कोणता? समाजवादी कार्यकर्त्याने या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातून देण्याआधी बेलग्रेडकडे पाहावे. सर्बियाची ही राजधानी पूर्वी युगोस्लाव्हियाची राजधानी होती. १९६१ साली अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद तेथेच भरली, आणि कारखाने कामगार-मंडळांच्या हाती देणारा १९५० चा स्वयंव्यवस्थापनाचा कायदा ही तर येथील समाजवाद्यांच्या दोन पिढ्यांच्या चर्चेची शिदोरी होती. त्या देशाने बास्केटबॉलमध्ये जे साधले ते लोकसंख्येच्या मानाने चकित करणारे होते. त्याच्या मुळाशी दोन क्लब आहेत, दोन्ही १९४५ चे. नाझी फौजा हटल्यावर मार्चमध्ये ‘त्सर्वेना झ्वेझ्दा’ म्हणजे लाल तारा हे क्रीडामंडळ निघाले, ऑक्टोबरमध्ये सैन्याच्या आश्रयाने ‘पार्टिझान’. बेलग्रेडच्या जुन्या कालेमेग्दान किल्ल्यातील उघड्या मैदानावर खेळून लाल ताऱ्याने १९४६ ते १९५५ अशी सलग दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. त्याच वर्तुळातील पोपोविच, निकोलिच, शापेर आणि स्टान्कोविच या चौघांनी देशभर शिक्षक तयार केले. स्टान्कोविच शिक्षणाने पशुवैद्य. १९७६ पासून पाव शतकाहून अधिक काळ त्यांनी जागतिक बास्केटबॉल महासंघाचे सरचिटणीसपद सांभाळले आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक खेळाडूंना ऑलिंपिकचे दार त्यांच्याच कारकिर्दीत उघडले गेले. लाल ताऱ्याखाली वाढलेल्या माणसाने हौशी खेळाचा पडदा दूर करावा, ही घटना विरोधाभासाची वाटेल. पण ढोंगाला त्यांचा विरोध होता, असेही तिच्याकडे पाहता येते.

या क्लबांना मालक नव्हता. ते ‘सामाजिक मालकी’चे होते. छोट्या शहरांतले संघ कारखान्यांच्या आधाराने चालत. ऍड्रियाटिक किनाऱ्यावरील स्प्लिट शहराचा संघ युगोप्लास्तिका या प्लॅस्टिकच्या कारखान्याचे नाव लावून खेळे आणि त्या संघाने १९८९ ते १९९१ सलग तीनदा युरोपचे विजेतेपद पटकाविले. परळच्या मंडळाला एखाद्या स्वयंव्यवस्थापित गिरणीचा आधार मिळाला असता तर काय झाले असते, याची कल्पना करून पाहावी.

पण चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. खेळाडूला अठ्ठावीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परदेशी संघात जाण्यास बंदी होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ती सैल झाली. ज्याचे आयुष्यच खेळाडू म्हणून पंधरा वर्षांचे, त्याची उमेदीची वर्षे राज्य अडकवून ठेवीत होते. मालक नाही म्हणून कामगार स्वतंत्र, असे समीकरण येथेही जुळत नाही.

मग देश फुटला. १९९१-९२ च्या हंगामात युद्धामुळे पार्टिझानला युरोपीय स्पर्धेतील घरचे बहुतेक सामने माद्रिदजवळच्या फुएनलाब्रादा या कामगारवस्तीच्या गावी खेळावे लागले. परक्या गावाने त्या पोरांना आपले मानले. संघ कोवळा, आणि प्रशिक्षक झेल्को ओब्रादोविच हे कालपरवापर्यंत त्याच संघात खेळत असलेले. १६ एप्रिल १९९२ रोजी इस्तंबूलमध्ये, सामना संपण्यास काही क्षण उरले असताना जोर्जेविचने दुरून टाकलेला चेंडू जाळीत गेला आणि बादालोनाच्या स्पॅनिश संघाविरुद्ध पार्टिझान ७१–७० असा जिंकला. पुढच्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आले. युरोपच्या विजेत्याला विजेतेपद राखण्यासाठी मैदानात उतरताही आले नाही. राज्यकर्त्यांनी केलेल्या पापाची शिक्षा अशी खेळाडूंनी भोगली.

त्यानंतर तीन दशके लोटली. दोन्ही क्लब आज कागदोपत्री सभासदांच्या संघटना आहेत, कोणा धनिकाची मालमत्ता नाहीत. मात्र सैन्याचा आश्रय गेला, स्वयंव्यवस्थापित कारखाने गेले, आणि उरली ती सरकारी कंपन्यांची प्रायोजकता व सत्ताधाऱ्यांची मर्जी. अलीकडच्या हंगामांत तर दोन्ही क्लबांच्या नावांना जुगाराच्या कंपन्यांची नावे चिकटली. फॅसिझमविरुद्ध लढलेल्यांच्या नावाने निघालेला संघ सट्टेवाल्याची जाहिरात करतो, याची खंत बेलग्रेडच्या जुन्या प्रेक्षकांनाही असेल. तरी एक गोष्ट उरली आहे. ५ मार्च २००९ रोजी पार्टिझानच्या एका युरोपीय सामन्यासाठी बेलग्रेडच्या क्रीडागृहात २२,५६७ माणसे जमली होती. त्या शहराला क्लब विकत घेऊन दुसऱ्या गावी हलविता येईल, अशी कल्पना कोणाला शिवतही नाही. पुण्याच्या किंवा मुंबईच्या संघाविषयी तशी खात्री कोण देईल?

या तुलनेवरून एक गोष्ट दिसते. खाजगी मालक गेला की जागा आपोआप लोकांकडे येत नाही. तेथे सेनापती, मंत्री किंवा महासंघाचा तहहयात अध्यक्ष येऊन बसतो. महाराष्ट्राला हे वेगळ्या मार्गाने ठाऊक आहे. धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली प्रवरेला उभा राहिलेला सहकार पुढे कोणाच्या वाड्यात गेला, हे येथे सांगत बसण्याचे कारण नाही. मालकी लोकांची राहावयाची तर सभासदांची यादी, दरवर्षीची निवडणूक आणि उघडा हिशेब या तीन रुक्ष गोष्टी लागतात. जर्मनीतील फुटबॉलमध्ये १९९८ पासून नियम आहे की क्लबच्या कंपनीत निम्म्याहून एक अधिक मत सभासदांच्या संघटनेकडे राहिले पाहिजे. पैसा बाहेरून घ्या, पण मत विकू नका, असा त्याचा अर्थ. बारा संघांच्या लीगला उद्या असा नियम लावता येईल असे मानणे भाबडेपणाचे आहे. गावच्या मंडळाला मात्र तो आजच लावता येतो.

आणि वाशिमच्या पोराचा थेट संबंध ज्याच्याशी आहे, तो मुद्दा आता. खेळाडू बाराव्या वर्षी मंडळात येतो आणि विसाव्या वर्षी लिलावात जातो. मधली आठ वर्षे त्याला दूध, बूट, गाडीभाडे आणि पडल्यावर हाड बसविण्याचा खर्च कोणी दिला? मंडळाने, एखाद्या शाळामास्तराने, कधी किराणा दुकानदाराने. शेतीमालाच्या भाषेत बोलायचे तर पेरणी, निंदणी, राखण गावाची आणि भाव शहराचा. जागतिक फुटबॉलने २००१ पासून यावर एक तोड काढली आहे. खेळाडू एका क्लबकडून दुसऱ्याकडे पैसे मोजून गेला, तर त्या रकमेतील पाच टक्के रक्कम तो बारा ते तेवीस वर्षांच्या वयात ज्या ज्या क्लबांत घडला, त्यांच्यात वाटली जाते. ही कोणाची दानशूरता नव्हे, तो हक्क आहे आणि त्यासाठी दावा लावता येतो. कबड्डीत लिलावाच्या साठ कोटींवर हाच हिशेब लावला तर वर्षाला तीन कोटी होतात. मालकांच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ आहे. फक्कीवर सामने भरविणाऱ्या मंडळांच्या दृष्टीने ती मैदान सपाट करण्याची, मॅट घेण्याची आणि जखमी मुलाच्या औषधपाण्याची सोय आहे. मुलींच्या बाबतीत तर प्रश्न आणखी मागचा आहे. २०१६ मध्ये तीन संघांची महिलांची स्पर्धा पुरुषांच्या हंगामाला जोडून झाली, आणि एका हंगामानंतर ती थांबली. ज्या बाजारात मुलींना उभेही राहू दिले जात नाही, त्यात त्यांच्या वाट्याची भाषा कशी करावयाची? म्हणून मागणी दुहेरी हवी: पाच टक्क्यांची, आणि महिलांच्या कायम स्पर्धेची.

ही मागणी आज महासंघाच्या दारात नेली तर पहिला प्रश्न येईल पुराव्याचा. अमुक खेळाडू अमुक मंडळात घडला हे कशावरून? जिल्ह्यातील बहुतेक मंडळांकडे त्याचे उत्तर नाही. ढाली आहेत, छायाचित्रे आहेत, देणगीदारांच्या नावाचे फलक आहेत, खेळाडूंची नोंदवही नाही. मंडळाची धर्मादाय कार्यालयातील नोंदणीसुद्धा अनेक ठिकाणी मृत विश्वस्तांच्या नावावर चालू आहे. तेव्हा सहा तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी येत्या हंगामात मोर्चाच्या आधी एक बिनगाजावाजाचे काम हाती घ्यावे. गावातील मंडळाची नोंदणी तपासावी, मेलेल्यांची नावे काढून खेळणाऱ्यांची घालावी, त्यांत मुलींची असावीत. आणि एक जाड पुठ्ठ्याची वही आणून तिच्यात प्रत्येक मुलामुलीचे नाव, जन्मतारीख, मंडळात आल्याचा दिवस, दरवर्षी खेळलेले सामने, झालेली दुखापत आणि मंडळाने केलेला खर्च लिहावा. शाळेच्या मुख्याध्यापकांची सही घ्यावी. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी.